ड्रोन आणि कॅमेरा कसा निवडावा, नियमात राहून कसा उडवावा: हौशी छायाचित्रकारांसाठी

ड्रोन घ्यायचे मनावर घेतले की बहुतेक हौशी छायाचित्रकार आधी व्हिडिओचा दर्जा पाहतात, मग तो किती किलोमीटर लांब जातो हे विचारतात, आणि वजन मात्र खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले असल्यामुळे सर्वांत शेवटी त्यांच्या नजरेस पडते. हा क्रम नेमका उलटा असायला हवा. नोंदणी लागेल की नाही, परीक्षा द्यावी लागेल की नाही, माणसांच्या किती जवळ जाता येईल, यांपैकी बरेचसे त्या वजनावरच ठरते. त्यामुळे खरेदी आणि नियम हे दोन वेगळे विषय न मानता एकत्रच हाताळावेत.

पहिली पायरी: फोटो खरोखर उंचीवरून हवा आहे का ते ठरवा

ज्याच्याकडे जमिनीवरून फोटो काढायला बरा कॅमेरा नाही, त्याने ड्रोन आधी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हौशी ड्रोन एका बॅटरीवर साधारण २० ते ३० मिनिटे हवेत राहतो, पाऊस आणि जोराचा वारा त्याला सोसत नाही, आणि विमानतळांचा परिसर, गर्दीची ठिकाणे, बरीचशी अभयारण्ये अशा कितीतरी जागी त्याला मुळात परवानगीच नसते. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत तर २०१४ पासून ड्रोन उडवण्यास बंदी आहे. अशा ठिकाणी हातातला कॅमेराच काय तो कामाला येतो.

सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या आकाराचा हिशेबही एकदा कागदावर मांडून पाहावा. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी सेन्सर सुमारे ३६५ चौरस मिलिमीटरचा, मायक्रो फोर थर्ड्‌स सुमारे २२५ चौरस मिलिमीटरचा. आणि आजच्या चांगल्या लहान ड्रोनमध्ये असणारा १/१.३ इंची सेन्सर जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास भरतो. हे इंचाचे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतील काचेच्या नळ्यांच्या काळापासून चालत आले आहे. सेन्सरच्या प्रत्यक्ष लांबी-रुंदीशी त्याचा मेळ बसत नाही, त्यामुळे त्यावरून आकाराचा अंदाज बांधू नये. भरपूर उजेडात हा फरक फारसा जाणवत नाही, पण पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या फोटोत सावलीचा भाग उजळायला जावे, तर लहान सेन्सरच्या फोटोत रंगीत दाणे लगेच दिसू लागतात.

लेन्सच्या बाबतीत मात्र ड्रोन एक सोय करून देतो. बहुतेक ड्रोनची मुख्य लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबाने २४ मिलिमीटरच्या जवळपासची, म्हणजे रुंद असते. ड्रोन घेणारच असाल, तर जमिनीवरच्या कॅमेऱ्यासाठी महागडी वाइड लेन्स लगेच घेण्याची घाई करू नये. ते पैसे ७०-२०० किंवा ७०-३०० मिलिमीटरच्या टेलिफोटो लेन्सकडे वळवावेत. दूरच्या डोंगररांगा एकमेकींच्या जवळ ओढून आणण्याचे जे काम टेलिफोटो करते, ते रुंद लेन्सच्या ड्रोनला कितीही उंच गेले तरी जमत नाही.

दुसरी पायरी: वजन पाहा, तेही उडताना असणारे

अनेक देशांच्या नियमांत २५० ग्रॅम ही पहिली मोठी रेघ आहे आणि बाजारातले लहान ड्रोन ती रेघ डोळ्यासमोर ठेवूनच बनवलेले असतात. डीजेआय कंपनीचा मिनी ४ प्रो हा ड्रोन २४९ ग्रॅमच्या आत बसतो, हा काही योगायोग नव्हे. पण त्याच ड्रोनसाठी जास्त वेळ टिकणारी मोठी बॅटरी वेगळी मिळते, ती बसवली की वजन सुमारे २९० ग्रॅमवर जाते आणि ड्रोन त्याच क्षणी नियमांच्या दुसऱ्या वर्गात पोहोचतो. पंख्यांची संरक्षक जाळी किंवा वरून चिकटवलेला दिवा यांनीही हेच होऊ शकते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ड्रोन ज्या अवस्थेत उडवणार त्याच अवस्थेत, म्हणजे बॅटरी, मेमरी कार्ड, फिल्टर यांसह ठेवून पाहावा. दोन मिनिटांचे काम आहे.

ही रेघ सगळीकडे सारखीही नाही. जपानमध्ये जून २०२२ पासून १०० ग्रॅम आणि त्याहून जड ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे. ब्रिटनने जानेवारी २०२६ पासून उडवणाऱ्याच्या परीक्षेची मर्यादा १०० ग्रॅमवर आणली आहे. युरोपीय संघात ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा हलका असला, तरी त्यावर कॅमेरा असेल आणि तो खेळणे या सदरात मोडत नसेल, तर चालकाला नोंदणी करावीच लागते. अमेरिकेत केवळ हौसेसाठी उडवणाऱ्याला २५० ग्रॅमपर्यंत नोंदणी लागत नाही, मात्र ‘ट्रस्ट’ नावाची मोफत ऑनलाइन चाचणी प्रत्येकाने उत्तीर्ण व्हावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र उडवताना जवळ ठेवावे लागते. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ ठरतो. नॅनोसाठी, तसेच मायक्रो ड्रोन व्यवसायासाठी वापरणार नसाल तर त्यासाठीही, रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. प्रमाणपत्र लागत नाही याचा अर्थ हवाई क्षेत्राचे नियम लागू होत नाहीत असा मात्र होत नाही, आणि हौशी मंडळी नेमकी इथेच घसरतात.

हलका ड्रोन म्हणजे निरुपद्रवी ड्रोन, हा समज किती महागात पडतो ते जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्याच्या वेळी दिसले. एका हौशी माणसाने वाहनतळाच्या इमारतीच्या छतावरून ड्रोन सोडला, आगीचे दृश्य टिपण्यासाठी तो अडीच हजार मीटरहून लांब नेला, आणि त्यात ड्रोन त्याच्या नजरेआड गेला. तो ड्रोन पाणी टाकणाऱ्या ‘सुपर स्कूपर’ विमानाच्या डाव्या पंखावर आदळला. पंखाला सुमारे ३ इंच रुंद आणि ६ इंच लांब भोक पडले, आणि ऐन आगीत ते विमान दुरुस्तीसाठी खाली ठेवावे लागले. तो ड्रोन २५० ग्रॅमच्या आतल्या ‘मिनी’ मालिकेतलाच होता.

तिसरी पायरी: जागेचा नकाशा आणि उंची

बहुतेक देशांची विमान वाहतूक प्राधिकरणे ड्रोनसाठी हवाई क्षेत्राचा नकाशा देतात. भारतातल्या नकाशात हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग आहेत. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येते, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीविना काहीच चालत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी नकाशा पाहून ठेवला, तरी जागेवर पोहोचल्यावर तो पुन्हा उघडून पाहावा, कारण मोठ्या कार्यक्रमासाठी किंवा आपत्तीच्या वेळी तात्पुरती बंदी मध्येच लागू होऊ शकते. ड्रोनच्या अ‍ॅपमध्ये इशारा आला नाही म्हणजे परवानगी आहे, असे गृहीत धरू नये. अ‍ॅप कंपनीचे असते, नियम सरकारचे.

उंचीची मर्यादा बऱ्याच देशांत ४०० फूट किंवा १२० मीटर अशी आहे. पण ही उंची ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून धरायची असते, आणि रिमोटच्या पडद्यावर दिसणारा आकडा मात्र जिथून ड्रोन उडवला त्या जागेपासून मोजलेला असतो. समजा, १५० मीटर उंचीच्या टेकडीच्या माथ्यावरून ड्रोन उडवला आणि उंची न बदलता तो थेट दरीवर नेला, तर पडद्यावर १० मीटर दिसत असताना खालच्या जमिनीपासून तो १६० मीटर वर असू शकतो. उलट पायथ्यापासून चढावर नेताना पडद्यावरचा आकडा मोठा दिसतो आणि प्रत्यक्षात ड्रोन झाडांच्या शेंड्यांना लागण्याच्या बेतात असतो. डोंगराळ भागात म्हणून उताराला धरून, टप्प्याटप्प्याने उंची बदलत जावे.

उंचीइतकाच महत्त्वाचा नियम म्हणजे ड्रोन स्वतःच्या डोळ्यांना, दुर्बिणीविना, सतत दिसला पाहिजे. खोक्यावर २० किलोमीटरचा पल्ला छापलेला असतो. तो रेडिओ लहरींचा पल्ला आहे, तुमच्या डोळ्यांचा नव्हे. लहान ड्रोन दोन-अडीचशे मीटरवर गेला की त्याचे टिंब होते, आणि तो दिसत असला तरी त्याचे तोंड कोणत्या बाजूला आहे हे कळेनासे होते. ते कळणे थांबले की परत वळावे. ड्रोनच्या कॅमेऱ्यातले दृश्य दाखवणारा गॉगल डोळ्यांना लावून उडवणाऱ्यांनी शेजारी दुसरी व्यक्ती उभी करावी आणि तिने ड्रोनवरून नजर हलवू नये.

चौथी पायरी: सोबतचे साहित्य

सोबतच्या साहित्यात सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत कमी समजून घेतलेली गोष्ट म्हणजे एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर बसवायची, उजेड कमी करणारी गडद काच. लहान ड्रोनमध्ये लेन्सचे छिद्र बहुधा कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे उजेड कमी करायचा तर शटरचा वेग वाढवणे एवढाच उपाय उरतो, आणि मग व्हिडिओतली हालचाल तुटक, झटके खात असल्यासारखी दिसते. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओसाठी शटर १/५० सेकंद ठेवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. आता रखरखीत उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर एफ/१६ (एफ म्हणजे छिद्राचे माप, आकडा लहान तितके छिद्र मोठे) आणि १/१०० सेकंद हे जुने गणित धरले, तर एफ/२.८ वर पाच स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उजेड जास्त येतो आणि शटर १/३२०० सेकंदांवर जाते. ते १/५० वर आणायला सहा स्टॉप कमी करावे लागतात, म्हणजे ६४ पट, म्हणजेच एनडी ६४. एफ/१.७ च्या लेन्सला याहूनही गडद फिल्टर लागतो. नुसते फोटो काढणार असाल, तर या फिल्टरांवर पैसे घालवू नका.

बॅटऱ्या तीन असाव्यात. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, त्यांची टोके झाकलेली असावीत आणि क्षमता १०० वॉट-तासांच्या आत असावी. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते. मिलिअँपिअर-तासांना व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॉट-तास मिळतात: २५९० गुणिले ७.३२ भागिले हजार म्हणजे जवळजवळ १९. परदेशी जाताना मात्र बॅटरीआधी देश तपासावा. मोरोक्कोसारख्या देशात ड्रोन नुसता सोबत नेण्यालाही मनाई आहे आणि तो विमानतळावरच काढून घेतला जातो.

पाचवी पायरी: उडवण्यापूर्वी आणि हवेत असताना

उपग्रहांचा संकेत पक्का होऊन ‘होम पॉइंट’, म्हणजे परत येण्याची जागा, नोंदला गेल्याशिवाय ड्रोन वर नेऊ नये. त्यानंतर स्वयंचलित परतीची उंची तपासावी. संपर्क तुटला किंवा बॅटरी फार उतरली की ड्रोन आधी त्या उंचीपर्यंत सरळ वर चढतो, मग घराच्या दिशेने निघतो. माझ्याकडून सुरुवातीला हीच चूक झाली. एका मोठ्या झाडाच्या फांद्यांखालून फोटो घेत होतो, बॅटरीकडे लक्ष नव्हते, आणि ड्रोनने आपणहून परतायचे ठरवून सरळ वरच्या फांदीत डोके घातले. पंखे तुटले, कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल वाकला, आणि दोष द्यायला माझ्याखेरीज कोणी नव्हते. आता परतीची उंची मी आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा वीसेक मीटर जास्त ठेवतो, आणि झाडाखाली किंवा छताखाली जायचे असेल तेव्हा स्वयंचलित परतीऐवजी जागीच थांबण्याचा पर्याय निवडतो.

गाडीचे टप, लोखंडी जाळी किंवा सळ्या घातलेले काँक्रीट यांवरून ड्रोन उडवल्यास होकायंत्र बिघडते. वाऱ्याच्या बाबतीत जुना नियम पाळावा: जाताना वाऱ्याविरुद्ध जावे, येताना वाऱ्यासोबत यावे. जमिनीवर पाने हलत नसली तरी १०० मीटरवर वारा बराच जोराचा असू शकतो, आणि अर्धी बॅटरी उरली असताना वाऱ्याविरुद्ध परतायला लागले की ती पुरत नाही.

पक्षी हा विषय वेगळा सांगावा लागतो. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बोल्सा चिका येथे सुरय पक्ष्यांच्या विणीच्या जागेत एक ड्रोन कोसळला. घाबरलेले हजारो पक्षी उडून गेले ते परतलेच नाहीत, आणि दीड ते दोन हजार अंडी तशीच वाळूवर राहिली. विणीच्या काळात पाणथळ जागा आणि कड्यांवरची घरटी टाळावीत, आणि कोणताही मोठा पक्षी ड्रोनभोवती घिरट्या घालू लागला तर फोटोचा मोह सोडून दूर जावे. माणसांच्या डोक्यावरून जाऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच. कोणाच्या अंगणात किंवा गच्चीत कॅमेरा रोखला जाईल अशा दिशेला तो वळवण्याआधी विचारावे, आणि ‘नको’ म्हटल्यास वाद न घालता जागा बदलावी.

बॅटरी ३० टक्क्यांवर आली की खाली उतरायला सुरुवात करावी. उतरल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, आणि पुढचे आठ-दहा दिवस उडवणार नसाल तर ती पूर्ण भरून न ठेवता ५० ते ६० टक्क्यांवर ठेवावी.