लग्नानंतरचं पहिलं अमेरिकन टॅक्स रिटर्न: पाकीट बंद करण्याआधी

तुम्ही अमेरिकेत एच-१बीवर (कामाच्या व्हिसावर) आहात, वर्षभरात भारतात जाऊन लग्न करून आलात आणि जोडीदार एच-४वर (जोडीदाराच्या व्हिसावर) आलाय किंवा अजून तिकडेच आहे, तर हे वाचा. एकत्र रिटर्न भरायला लागणारं, दोघांच्या सह्यांचं निवेदन. हे आधी लिहून ठेवा, मग पुढचं. आमच्या रिटर्नच्या पाकिटात बाकी सगळं होतं, तेवढंच नव्हतं, आणि त्यापायी सगळं पुन्हा करावं लागलं.

करासाठीचं स्टेटस, म्हणजे विवाहित की सिंगल, ३१ डिसेंबरला ठरतं. मुहूर्त २८ डिसेंबरचा असला तरी करापुरते तुम्ही वर्षभर विवाहित. 'सिंगल'वर खूण करायची नाही, जोडीदार पुण्यात आणि तुम्ही डॅलसला असलात तरी नाही. 'हेड ऑफ हाउसहोल्ड' (एकट्याने घर चालवणाऱ्याचं स्टेटस) कुणी सुचवलं तर ऐकू नका, नॉन-रेसिडेंट (करासाठी अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या) जोडीदाराच्या जोरावर ते मिळत नाही. म्हणजे दोनच उरतात: एकत्र किंवा वेगवेगळं.

२०२५च्या रिटर्नला स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी सरसकट वजावट) एकत्र भरलं तर ३१,५०० डॉलर, वेगळं भरलं तर १५,७५०. म्हणून बहुतेक जण एकत्र भरतात. पण नोव्हेंबरात पहिल्यांदाच आलेली बायको त्या वर्षापुरती नॉन-रेसिडेंट असते आणि तिच्यासोबत एकत्र रिटर्न आपोआप भरता येत नाही. तिला संपूर्ण वर्ष रेसिडेंट धरावं, असं दोघांनी लेखी निवडावं लागतं. तेच हे निवेदन. याचा छापील फॉर्म नाही, साधा कागद असतो, म्हणूनच तो यादीतून निसटतो. वर्षाच्या शेवटच्या दिवशी आमच्यापैकी एक नॉन-रेसिडेंट आणि दुसरा रेसिडेंट होता, पूर्ण वर्षासाठी दोघांनाही रेसिडेंट धरावं असं आम्ही निवडतो, एवढं लिहायचं. नावं, पत्ते, करासाठीचे नंबर. खाली सह्या. दोघांच्या! एकाची चालत नाही. जोडीदार तिकडे असेल तर कुरियरचे दिवस आत्ताच मोजा.

याची किंमतही समजून घ्या. एकदा रेसिडेंट म्हटलं की तिचं भारतातलं वर्षभराचं उत्पन्नही रिटर्नमध्ये येतं. लग्नाआधीचा पगार, एफडीचं व्याज, पीपीएफचंसुद्धा. इथे फॉर्म १६ पुरत नाही, कारण तो एप्रिल ते मार्चचा आणि अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागवा, नोकरी सोडण्याआधीच; नंतर कंपनीचं पोर्टल उघडत नाही. तिकडे कापलेल्या टीडीएसचं क्रेडिट मिळू शकतं, तेव्हा ते कागदही ठेवा. म्युच्युअल फंड असतील तर जाणकाराला विचारल्याशिवाय एकत्रवर खूण करू नका, त्यांचे नियम फार किचकट आहेत. दोन्ही पद्धतींनी आकडे काढून बघा. ही निवड पुढच्या वर्षांनाही लागू राहते, आणि एकदा मोडली की दोघांपैकी कुणालाही पुन्हा करता येत नाही.

एच-४वर कामाची परवानगी नसेल तर एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) मिळत नाही, आयटीआयएन (फक्त करापुरता नंबर) लागतो. त्यासाठी डब्ल्यू-७ हा अर्ज, रिटर्नच्या वर ठेवून. कारणाचा रकाना 'ई', म्हणजे रेसिडेंटचा जोडीदार. एच-४ व्हिसा बघून लोक 'जी' भरतात. तो नॉन-रेसिडेंट व्हिसाधारकाच्या कुटुंबासाठी आहे. पासपोर्टची नोटरी केलेली प्रत चालत नाही. मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवायचा नसेल तर आयआरएसने (अमेरिकेच्या करखात्याने) मान्यता दिलेला सर्टिफाइंग एजंट गाठा. नाव पासपोर्टवर आहे तसंच. आडनाव बदलायचं असेल तर आधी पासपोर्ट बदला.

आता पाकीट. डब्ल्यू-७, पासपोर्टचे कागद, १०४० (रिटर्नचा मुख्य फॉर्म) वर दोघांच्या सह्या, डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला पगाराचा दाखला). आणि निवेदन. ते हातात धरून बघा, दुसरी सही आहे का बघा, मगच चिकटवा. सगळ्याची एक प्रत घरी. पाकीट ऑस्टिनच्या आयटीआयएन विभागाला जातं, नेहमीच्या पत्त्यावर नाही.

१५ एप्रिल जमत नसेल तर फॉर्म ४८६८, ऑक्टोबरपर्यंत मुदत. पैसे मात्र एप्रिलमध्येच भरायचे. भारतातल्या खात्यांत मिळून कधीही १०,००० डॉलरच्या वर गेलं असेल तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती) वेगळा, ऑनलाइन. राज्याचं रिटर्न लागत असेल तर ते वेगळं. ऑफिसात डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा तो फॉर्म) बदला.