सोलापुरात भिंतीलगत अनंत लावताय? जात निवडताना या चुका टाळा

सोलापुरात अनंत, म्हणजे गार्डेनियाचं सुवासिक झुडूप, थंडीने मरत नाही. तो मरतो चुनखडीने, पश्चिमेच्या उन्हाने आणि मुळाशी साचलेल्या पाण्याने. तरीही ऑनलाइन रोपं मागवणारे बरेच जण आधी विचारतात, ‘थंडीला टिकणारी जात कुठली?’ अमेरिकेत घराच्या पायालगत झुडपं लावायची पद्धत आहे आणि तिथे हिवाळा हीच मोठी अडचण. म्हणून ‘क्लाइम्स हार्डी’, ‘फ्रॉस्ट प्रूफ’, ‘चक हेज’ अशा जाती तिकडे नावाजल्या गेल्या. ‘क्लाइम्स हार्डी’ तर उणे १२ अंशांच्या आसपासची थंडीही सोसते. आपल्याकडे पारा १० अंशांखाली क्वचितच उतरतो आणि मे महिन्यात ४० ते ४३ अंशांवर ठाण मांडून बसतो. ज्या गुणासाठी तुम्ही जास्त पैसे मोजताय, त्याची इथे परीक्षाच होत नाही.

उलट सोलापूरची थंडी अनंताला हवी असते. रात्रीचं तापमान १५ ते १८ अंशांच्या दरम्यान असलं की कळ्या चांगल्या धरतात. रात्री २१ अंशांहून उबदार झाल्या की कळ्या धरणं कमी होतं आणि धरलेल्याही गळू लागतात. म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंतच्या गार रात्री ही आपली कळ्यांची कमाई. ‘वाकडंतिकडं वाढलंय’ म्हणून दिवाळीनंतर कात्री चालवली, तर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास फांद्यांच्या टोकांवर ज्या कळ्या दिसायच्या त्याच कापल्या जातात. छाटणी फुलांचा बहर ओसरल्यावर लगेच करा, नंतर नको.

मग जात कुठली? मी थंडीचा रकाना सोडून उंची आणि फूल पाहायला सांगेन. खिडकीखालच्या जागेसाठी दोन-तीन फुटांवर थांबणारी, एकेरी सहा पाकळ्यांची जात उत्तम. ‘क्लाइम्स हार्डी’ मिळाली तर याच कारणासाठी घ्या. भरगच्च डबल अनंत देखणा खरा, पण त्याची जाड कळी उमलायला वेळ घेते आणि तेवढ्यात कोरडा वारा तिला गाठतो. शिवाय तो पाच-सहा फूट वाढतो. खिडकी झाकते म्हणून सारखा छाटला जातो आणि मग फुलतच नाही. डबलच हवा असेल तर तो घराच्या कोपऱ्याला, मोकळ्या जागी द्या. नर्सरीत ‘बुटका गार्डेनिया’ म्हणून मिळणारा पसरट प्रकार जमिनीलगत राहतो. त्याची मुळं उथळ असतात, म्हणून त्याला दुपारची सावली आणि पालापाचोळ्याचं आच्छादन दोन्ही लागतात.

विकत घेताना एक पान तोडून बघा. देठातून पांढरा चीक आला तर ती तगर आहे, अनंत नव्हे. डबल तगर लांबून फसवते. तगर वाईट नाही, सोलापूरच्या मातीत ती अनंतापेक्षा सुखाने वाढते. पण अनंताचा वास हवा असेल तर अनंतच घ्या.

भिंतीला चिकटून लावणं

ही चूक झाडापेक्षा घराला महाग पडते. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि हातभर खोल भेगा पडतात. पायाच्या एका बाजूला रोज पाणी आणि बाकी तीन बाजू कोरड्या राहिल्या, तर पायाखालची माती असमान फुगते आणि भिंतीला तिरके तडे जाऊ शकतात. जोत्याभोवतीची फरशी किंवा कोबा फोडून आळं करू नका. झाड भिंतीपासून किमान तीन फूट सोडून लावा, वाफ्याचा उतार घराबाहेरच्या बाजूला ठेवा. लांबून पाहणाऱ्याला ते भिंतीलगतच दिसतं.

दिशाही बघा. पूर्वेची भिंत सर्वांत चांगली, सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली. उत्तरेची चालते, फुलं थोडी कमी येतात. पश्चिमेची भिंत दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तिथे पानांच्या कडा करपतात आणि गार रात्रीचा जो फायदा झाडाला मिळायचा तो भिंत खाऊन टाकते. जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या नव्या बंगल्यांत समोरची बाजू पश्चिमेला असेल, तर अनंताचा हट्ट तिथे सोडा आणि बाजूच्या गल्लीत लावा.

मातीतला चुना

अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) ५ ते ६ च्या आसपास. इथल्या काळ्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी साडेसात-आठच्या पुढे असतो आणि खाली चुनखडीचे खडे लागतात. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंब अशा हलक्या, चुनखडीच्या जमिनीतही उभं राहतं. अनंत राहत नाही. त्यात घराच्या पायालगत बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो. सिमेंट, प्लास्टरचे तुकडे, सगळा चुनाच.

मूठभर कोरडी माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे, आणि अशा जमिनीत गंधक कितीही घातलं तरी सामू खाली आणायला पुरत नाही. खड्डा खणून त्यात चांगली माती भरणं हाही उपाय नव्हे. काळ्या मातीतला तो खड्डा पावसाळ्यात हौद होतो आणि मुळं कुजतात. जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंच वाफा बांधा. त्यात लाल माती, कुजलेला पालापाचोळा, कोकोपीट आणि थोडी जाड वाळू. वाफ्याला सिमेंटचा गिलावा नको, कोरडे रचलेले बेसाल्टचे दगड पुरतात. आंध्र किंवा कोकणातून येणारं रोप लाल मातीच्या गोळ्यात असतं. गोळा तसाच काळ्या मातीत ठेवला तर मुळं आतच फिरत राहतात, म्हणून कडेची मुळं हलक्या हाताने सोडवून लावा.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. जुनी पानं पिवळी पडत असतील तर कारण वेगळं, बहुधा नत्र किंवा मॅग्नेशियम. लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकणं व्यर्थ, चुना ते लगेच अडकवतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी पानांवर फवारा. मातीतून द्यायचं तर खत दुकानात ‘ईडीडीएचए’ प्रकारचं चिलेट लोह मागा. ‘ईडीटीए’ स्वस्त असतं, पण अशा मातीत ते फार टिकत नाही. आणि राख, अंड्याची टरफलं अनंताच्या बुडाशी कधीच टाकू नका.

पाणी

नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बोअरचं जड पाणी झाडांना जातं आणि वाफ्यात पुन्हा चुना साचतो. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी त्याहून खारट, कुलरच्या टाकीत उरलेलं आटून आटून खारट झालेलं. ही दोन्ही तगरीला, बोगनवेलीला एकवेळ चालतील, अनंताला नाही. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते बादलीत धरा आणि यालाच द्या. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

कळ्या टिचभर होऊन गळत असतील तर खत वाढवण्याआधी ओलावा तपासा. एक दिवस सुकं, एक दिवस तुडुंब असं झालं की कळ्या गळतात. कळ्या धरल्यावर कुंडी किंवा रोप हलवलं तरी गळतात. पानांवर काजळी आणि मुंग्यांची रांग दिसली तर पानांच्या मागे पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी शोधा. निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून पानांच्या मागून फवारा, भर उन्हात नको.

एवढं सगळं जमणार नसेल तर

दख्खनच्या कोरड्या रानात अनंताचा सख्खा भाऊ वाढतो, डिकेमाली. काष्ठौषधीच्या दुकानात याच नावाने जो उग्र वासाचा डिंक मिळतो, तो या झाडाच्या कोंबांवरचा. फूल पांढरं उमलतं, मग पिवळं होतं, आणि सुवास खऱ्या अनंताच्या घराण्याचा. हे लहान झाड होतं, म्हणून खिडकीखाली नव्हे, कुंपणाच्या कोपऱ्यात, भिंतीपासून दहा फूट सोडून लावा. नेहमीच्या नर्सरीत रोप सहसा नसतं. देशी झाडांची रोपं करणाऱ्यांकडे उन्हाळ्यातच सांगून ठेवा आणि पहिला चांगला पाऊस झाला की लावा.