पीसी सारखा रिस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

काम ऐन भरात असताना स्क्रीन काळी होते, पंखे क्षणभर थांबतात आणि पीसी आपोआप पुन्हा सुरू होतो. सेव्ह न केलेलं सगळं जातं. जुन्या डेस्कटॉपला हे दुखणं जडलं की बहुतेक जण आधी विंडोज नव्याने टाकायला बसतात. माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. दोष हार्डवेअरचा असेल तर फॉरमॅट मारून काहीच साधत नाही, उलट इन्स्टॉलेशन अर्ध्यावर असताना पीसी पुन्हा बंद पडला तर नवा घोळ होतो.

आधी तो नेमका कधी रिस्टार्ट होतो ते कागदावर लिहून ठेवा. सुरू केल्यावर किती मिनिटांनी? तेव्हा गेम चालू होता की नुसताच पडून होता? घरातले दिवे लुकलुकले का? अशा चार-पाच नोंदी झाल्या की मग एक सोपी चाचणी करा. पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जा आणि अर्धा तास तिथेच राहू द्या. तिथेही रिस्टार्ट झाला तर विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. मात्र तिथे टिकला म्हणून हार्डवेअर निर्दोष ठरत नाही, कारण बायोसमध्ये मशीनवर फारसा ताण नसतो.

दुसरी चूक म्हणजे निळी स्क्रीन (विंडोज कोसळलं की येणारा एररचा पडदा) दिसत नाही म्हणून ती आलीच नाही असं समजणं. मोठी चूक घडली की आपोआप रिस्टार्ट व्हायचं, अशी विंडोजची मूळ सेटिंग असते. त्यामुळे एरर डोळ्यांसमोरून निघून जाते. अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची टिक काढा. पुढच्या वेळी निळी स्क्रीन थांबून राहिली तर तिच्यावरचा कोड टिपून घ्या. काहीही न दिसता पीसी थेट रिस्टार्ट झाला, तर संशय आधी वीजपुरवठ्यावर घ्यायचा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक लगेच एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या आतला वीज पुरवणारा डबा, बदलायला निघतात. पण या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता. नोंदीच्या तपशिलात ‘बगचेककोड’ शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवायला सवडच मिळाली नाही. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळी स्क्रीन येऊन गेली आहे.

वीजपुरवठा तपासताना सुरुवात बाहेरून करा. यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली की वीज जरा हलली तरी पीसी रिस्टार्ट होतो, आणि दोष बिचाऱ्या मदरबोर्डवर जातो. म्हणून दोन दिवस पीसी यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड वगळून थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहा. मग एसएमपीएसकडे वळा. त्याची १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असायला हवी. पण बायोसमधला आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. तो अंदाजे असतो, शिवाय तो पाहताना मशीन निवांत असतं. थकलेला एसएमपीएस कोसळतो तो गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू झाल्यावर. चालू स्थितीतला दुसरा एसएमपीएस लावून पाहणं हीच खरी परीक्षा. जुना मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ३०० व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो.

उष्णतेबाबत एक फरक ध्यानात ठेवा. प्रोसेसर फार तापला की पीसी बहुधा बंद पडतो आणि बंदच राहतो. तरी धूळ झटका, पण पंख्याची पाती बोटाने धरून. हवेच्या झोताने पंखा भरधाव फिरला तर खराब होऊ शकतो. प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांनी बसणारा कूलर असेल तर प्रत्येक खुंटी हलकेच ओढून पाहा. एक जरी सुटली असेल तर हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) तिरका होतो आणि त्या दोघांमध्ये कितीही नवी थर्मल पेस्ट लावली तरी फायदा होत नाही. हीटसिंक काढलाच, तर जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नका.

रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवा, मग एकेक लावून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा. एका फेरीवर विश्वास ठेवू नका, रात्रभर चालू द्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड एकाच दिवशी बदललं तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

सीमॉस बॅटरीला (मदरबोर्डवरच्या छोट्या गोल सेलला) उगाच बोल लावला जातो. ती संपली तर तारीख-वेळ चुकते, बायोसची सेटिंग्ज पुसली जातात. चालता पीसी त्यामुळे सहसा रिस्टार्ट होत नाही.

एक जागा मात्र फार कमी जण तपासतात. माझ्याच एका जुन्या पीसीची रॅम, एसएमपीएस सगळं तपासून झालं, तरी टेबलाला धक्का लागला की तो रिस्टार्ट व्हायचा. धक्क्याचा संबंध लक्षात आला तो कागदावरच्या नोंदींमुळेच. कॅबिनेटचं रीसेट बटण धुळीने आत चिकटत होतं. मदरबोर्डवरून त्या बटणाची दोन पिनांची वायर काढली आणि दुखणं थांबलं. रीसेट बटणावाचून पीसीचं काही अडत नाही, त्यामुळे ही चाचणी कुणीही बिनधास्त करावी.

शेवटी टॉर्च घेऊन प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर पाहा. माथा सपाट हवा. तो फुगलेला असेल किंवा तपकिरी द्रव बाहेर आलेला असेल तर मदरबोर्डचे दिवस भरत आलेत. कपॅसिटर बदलता येतात, पण ते सोल्डरिंगचा चांगला हात असलेल्याचं काम. त्याआधी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या पीसीला जोडा आणि फोटो, कागदपत्रं उतरवून घ्या.