सीएनसी ऑपरेटर, टर्नर घेताय? या चुका टाळा

भोसरी असो, वाळूज असो की शिरोली, एमआयडीसीतल्या कुठल्याही लहान मशीन शॉपच्या मालकाला विचारा, "चांगली पोरं मिळतच नाहीत" हेच ऐकायला येतं. मला हे पटत नाही. पोरं येतात. आपल्याला ती ओळखता येत नाहीत, आणि ओळखली तरी आपण त्यांच्यावर वेळ घालवत नाही.

सगळ्यात महागात पडते ती केबिनमधली मुलाखत. समोर बसवून "स्वतःबद्दल सांग" म्हटलं की आयटीआय झालेला टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, गप्प होतो आणि बोलका उमेदवार बाजी मारतो. आमच्याच शॉपमध्ये हे झालंय. बोलण्यावर भाळून घेतलेल्या मुलानं तिसऱ्याच दिवशी चकची (जॉब धरणाऱ्या पकडीची) किल्ली चकमध्ये तशीच ठेवून लेथ चालू केला. किल्ली उडाली ती थेट शेडच्या पत्र्यावर. कुणाला लागलं नाही हे नशीब.

तेव्हापासून मी मुलाखत इन्स्पेक्शन टेबलावर घेतो. एक टर्निंग झालेला शाफ्ट (गोल दांडा), त्याचं ड्रॉइंग आणि मोजायला व्हर्नियर एवढंच पुढे ठेवायचं. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं २५ एच ७ (स्मॉल एच). म्हणजे व्यास २४.९७९ ते २५.०००, सगळी मुभा २१ मायक्रॉनची. व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. त्यावर हा साइज पास करताच येत नाही. बहुतेक जण माप घेऊन "२४.९८, ओके" म्हणतात. मागे एक मुलगा आला. त्यानं आधी जॉबवरचं तेल पुसलं, व्हर्नियरचे जबडे मिटवून झिरो बघितला, ड्रॉइंग नीट वाचलं आणि विचारलं, "सर, मायक्रोमीटर मिळेल का?" व्हर्नियरपेक्षा बारीक मोजतं ते मायक्रोमीटर. त्याची मार्कशीट मी नंतर पाहिली.

जी-कोड, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या आज्ञा, पाठ करून सगळेच येतात, ते विचारण्यात अर्थ नाही. त्याऐवजी विचारा, जॉब २५.०४ आलाय, हवाय २४.९९, वेअर ऑफसेटला (टूलच्या झिजेसाठी मशीनमध्ये भरायच्या दुरुस्तीला) काय टाकशील? मशीन खरोखर चालवलेला मुलगा एक्समध्ये (व्यासाच्या अक्षात) मायनस ०.०५ सांगतोच, वर पुढचा पीस मोजल्याशिवाय सायकल सोडणार नाही हेही सांगतो.

ट्रायलच्या नावाखाली दिवसभर प्रॉडक्शन काढून घ्यायचं आणि संध्याकाळी "कळवतो" म्हणायचं, हे बंद करा. दोन तास पुरतात. पूर्ण दिवस ठेवलंत तर त्या दिवसाची हजेरी द्या.

आता शिकवण्याचं. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यानुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला शिकाऊ कामगार, म्हणजे अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. २०१६ मध्ये आलेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. लहान शॉपलाही यात येता येतं. पण बरेच जण अ‍ॅप्रेंटिस घेतात आणि वर्षभर त्याला बर (जॉबच्या कडेला उरलेली खरखरीत धार) काढायला आणि पॅकिंगला बसवतात. वर्ष संपलं की तो निघून जातो आणि आपण म्हणतो, पोरांना निष्ठा नाही! त्याला कशासाठी राहावंसं वाटेल? पहिले दोन महिने जुन्या सेटरच्या (मशीन लावून देणाऱ्याच्या) हाताखाली ठेवा, मग टूल बदलणं, ऑफसेट, पहिल्या पीसची तपासणी या क्रमानं पुढे न्या. सेटिंग जमलं की पगार किती वाढेल हे घेतानाच कागदावर लिहून द्या. शिकवण्यात जाणाऱ्या वेळेसाठी सेटरचं टार्गेटही कमी करा, नाहीतर तो शिकवणारच नाही.

नवा मुलगा लागला आणि रिजेक्शन वाढलं, तर लगेच त्याच्यावर ओरडू नका. आधी त्याच्या हातातला मायक्रोमीटर स्टँडर्डला (पक्क्या मापाच्या तुकड्याला) लावून बघा, मग इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) किती झिजलाय ते बघा, आणि रात्रपाळीत त्याला शंका आली तर विचारायला कोण असतं तेही.