दगडाच्या नावातलं गाव कसं ओळखावं

कॉलेजच्या भूशास्त्र प्रयोगशाळेत मी अटेंडंट होतो. दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, वाळला की काळ्या शाईनं नंबर घालायचा, वहीत नाव चढवायचं. नोकरीभर हेच. आता भाची परीक्षेसाठी तीच नावं घोकते. तिला सांगितलं, घोकू नकोस, उकल.

खनिज असेल तर आधी नावाचं शेपूट तोड. बॉक्साइटमधलं 'आइट' काढलं की उरतं फ्रान्समधलं ले बो गाव. तिथले लोक 'बो' म्हणतात, पण लिहिताना शेवटी एक्स असतो, तो आपल्या वाट्याला आला. लॅब्रडोराइट कॅनडातल्या लॅब्रडोरचा. केओलिनला शेपूटच नाही. चीनमधल्या गाओलिंग गावावरून सरळ उचललेलं नाव.

पृथ्वीच्या इतिहासातल्या काळांच्या नावांची शेपटं 'इयन', 'इक'. डेव्होनियन इंग्लंडमधल्या डेव्हनचा, जुरासिक जुरा डोंगरांचा. पर्मियन रशियातल्या पर्मचा, ते नाव मर्चिसन या ब्रिटिश भूशास्त्रज्ञानं १८४१ साली दिलं. आपला मेघालयन अगदी अलीकडचा, २०१८ मध्ये मान्य झालेला. मॉम्लुह गुहेतल्या चुन्याच्या खांबावरून त्याची सुरुवात ठरवली, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीची.

शेपूट बघून गाव शोधायला निघालात तर फसाल, हेही सांगतो. चार्नोकाइट हा जॉब चार्नॉक या माणसाचा; कोलकात्यातल्या त्याच्या थडग्याचा दगड तोच. सिल्युरियन एका जुन्या टोळीचा. क्रेटेशियस तर खडूचा, लॅटिनमध्ये खडूला क्रेटा.

थरांचं नाव मात्र साधं: गाव, पुढे खडक. आपल्याकडचा ग्वाल्हेर गट, म्हणजे खडकांच्या थरांचा संच, घ्या. त्यात खाली पार, वर मोरार. पार हे जवळचं गाव, मोरार म्हणजे आपलं मुरार. घरात आपण मुरारच म्हणतो, पण पुस्तकात इंग्रजांच्या स्पेलिंगचं मोरार बसलं ते बसलं. तिथे दुरुस्ती करायला जाऊ नये, मार्क जातात.

माझी चूक वेगळीच होती. ग्वाल्हेर किल्ल्याच्या उरवाई रस्त्यावर, जिथे कड्यात जैन मूर्ती कोरल्यात, तिथून वालुकाश्माचा सुटा तुकडा आणला आणि वहीत ठोकून दिलं, 'ग्वाल्हेर'. किल्लाच ग्वाल्हेरचा, मग दगड कुणाचा असणार? साहेबांनी वही माझ्यासमोर सरकवली. किल्ल्याचा कडा विंध्य खडकांतल्या कैमूर वालुकाश्माचा. ग्वाल्हेर नावाचे खडक त्याच्या खाली आणि त्याहून कितीतरी जुने.

तेव्हापासून मी दोन ओळी लिहायला लागलो. वर खडकाचं नाव, खाली तुकडा कुठे उचलला ते. 'कैमूर वालुकाश्म. उरवाई, ग्वाल्हेर किल्ला.' भाचीलाही वहीत दोन रकाने आखून दिलेत. दुसरा ती हमखास रिकामा सोडते.