परदेशी लेकीकडे जायचंय? व्हिसाची फाईल अशी लावा

तासगावच्या माझ्या मामा-मामींचा जर्मनीचा व्हिसा पहिल्यांदा नाकारला गेला. लेक तिथं नोकरीला, नातू चार महिन्यांचा, आणि इकडं पासपोर्टासोबत एक छापील कागद परत आला. त्यावर एका चौकटीत खूण होती: मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे. अडीच एकर द्राक्षबाग आणि गोठ्यात दोन म्हशी असलेला माणूस परदेशात कशाला राहील? पण त्यातलं काहीच फाईलमध्ये नव्हतं. शेतीचं दाखवू नका असं एजंटानं सांगितलं होतं आणि उसने पाच लाख आठवडाभर खात्यात ठेवायला लावले होते. दुसऱ्यांदा फाईल मामांनी आणि मी मिळून लावली. ती कशी लावली ते क्रमानं लिहिते.

आधी कुठला व्हिसा ते ठरवा

नेपाळ-भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही. युरोपात शेंगेन गटातल्या 29 देशांना मिळून एकच व्हिसा चालतो (जर्मनी त्यातलाच), पण इंग्लंड आणि आयर्लंड त्या गटात नाहीत, त्यांचे व्हिसे वेगळे. शेंगेनसाठी अर्ज कुठल्या देशाकडे करायचा याचाही नियम आहे: जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, आणि दिवस सारखेच असतील तर जिथं आधी उतरणार त्या देशाकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करू नका.

अमेरिकेचं गणित वेगळं. तिथं आधी डीएस-160 हा ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि मग सांगली-साताऱ्याच्या माणसानं मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत मुलाखतीला जायचं. तारखेसाठी कित्येक महिने थांबावं लागू शकतं, म्हणून लेकीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आयांनी फार आधी सुरुवात करावी.

प्रवासाचं कारण खरं तेच लिहा. शेंगेनच्या फॉर्मवर पर्यटन वेगळं आणि नातेवाइकांची भेट वेगळी. लेकीकडे राहायचं असताना पर्यटन लिहून खोटी हॉटेल बुकिंग जोडली, तर अर्जातली एक गोष्ट दुसरीला खोटं पाडते.

पासपोर्ट उघडून बघा

शेंगेनला पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. मग नावाची अक्षरं जुळवा. आपल्याकडे बाईच्या आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं आणि पासपोर्टावर तिसरं असं सर्रास असतं. मामा-मामींच्या लग्नाला 33 वर्षं झाली होती, पण विवाह नोंदणीचा दाखला नव्हता. उशिरा का होईना, तो ग्रामपंचायतीत नोंद करून मिळतो. ते काम व्हिसाच्या गडबडीत काढू नका, आधीच उरका.

तारखा

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण शंका आली तर 45 दिवसांपर्यंतही जाऊ शकतात. तीन महिने आधी हललेलं बरं, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंटच मिळत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका, प्रवासाचं आरक्षण दाखवलं तरी पुरतं.

फाईल: इथंच खरं काम आहे

पगारदार माणसाचं सोपं असतं. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, रजा मंजुरीचं पत्र, आयकर विवरणपत्र दिलं की झालं. शेतकऱ्याला वाटतं आपल्याकडे दाखवायला काहीच नाही. मामा मला म्हणाले, "आगं, बागेचं कशाला सांगतीस त्यास्नी? लेकीकडं चाललोय, एवढं पुरं की."

पण परत येण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा ती बागच होती. आम्ही सातबारा आणि आठ-अ काढला. मराठी कागद तिकडं कोण वाचणार, म्हणून इंग्रजी भाषांतर करून घेतलं. बेदाण्याच्या सौद्याच्या तीन वर्षांच्या पट्ट्या लावल्या आणि त्यातली जी रक्कम बँकेच्या उताऱ्यात होती ती पेनानं गोल करून दाखवली. तुमचा ऊस असेल तर कारखान्याची बिलं लावा, दूध असेल तर डेअरीची. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र भरत नसाल तर अर्जासोबतच्या पत्रात तसं एका ओळीत सांगा. भरत असाल तर तीन वर्षांचं जोडा.

बँकेचा उतारा शेवटच्या सहा महिन्यांचा, शिक्का-सहीसकट घ्या. खात्यात नेहमी चाळीस हजार असताना एकदम पाच लाख आले, तर तो आकडा मदत करत नाही, उलट संशय वाढवतो. जमीन किंवा जनावर विकून मोठी रक्कम आली असेल, तर व्यवहाराचा कागद सोबत लावा.

मग पत्र. एक पान पुरे. कुणाकडे, किती दिवस, खर्च कोण करणार आणि परत का येणार. मामांच्या पत्रात लिहिलं होतं की जुलै-ऑगस्ट तिकडं राहून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत येतो, कारण ऑक्टोबर छाटणीला मला बागेत असणं भाग आहे, आणि तोवर धाकटा भाऊ बाग बघेल. भावाच्या सहीचं पत्रही लावलं.

तिकडून लेकीनं निमंत्रणपत्र, तिच्या राहण्याच्या परवान्याची प्रत आणि नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला पाठवायचा. जर्मनीत खर्चाची हमी लेक घेणार असेल, तर तिनं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून रीतसर हमीपत्र काढावं. त्याची मूळ प्रत कुरिअरनं मागवा, झेरॉक्स चालत नाही. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत लागू असा हवा. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा आणि सहा महिन्यांच्या आतला. फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना माफ. वकिलातीच्या वतीनं अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. फीचे आकडे बदलतात, म्हणून भरायच्या दिवशी वकिलातीच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा.

अपॉइंटमेंटचा दिवस

ठसे आणि कागद द्यायला पुण्यात किंवा मुंबईत जावं लागतं. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. खंबाटकी घाटात गाड्या अडकल्या की तारीख हातची जाते.

ठशांचं मात्र कुणी आधी सांगत नाही. बागेत आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मामांच्या उजव्या अंगठ्याचा ठसा यंत्र दोनदा नको म्हणालं. तिथल्या मुलीनं बोट पुसून, जरा दाबून धरायला लावलं, तेव्हा तिसऱ्यांदा उमटला. आधीचे आठ-दहा दिवस रोज रात्री बोटांना खोबरेल तेल चोळा आणि त्या दिवसांत औषध फवारणी, हळद, चुना यांत हात घालू नका. एकदा दिलेले ठसे शेंगेनला 59 महिने चालतात.

कुणी काही विचारलं तर पत्रात लिहिलंय तेच सांगा. मामी आदल्या रात्री पाठांतर करत बसल्या होत्या. त्याची गरज नसते, स्वतःचं पत्र समजून घेतलेलं असलं की झालं.

व्हिसाचा स्टिकर हातात आल्यावर

तो लगेच वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, कधीपासून-कधीपर्यंत, किती दिवस, किती वेळा प्रवेश. 'कधीपर्यंत'ची तारीख आणि 'किती दिवस' यांत फरक असतो. तारखांमध्ये 75 दिवसांचं अंतर असलं आणि दिवसांच्या रकान्यात 60 असले, तर राहायचं 60 दिवसच. एकच प्रवेश असेल तर मध्येच लंडन फिरून परत जर्मनीत शिरता येणार नाही. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर येण्या-जाण्याची नोंद टप्प्याटप्प्यानं संगणकात होऊ लागली आहे, त्यामुळे एक दिवस जास्त राहिलात तरी ते दिसतं. स्टिकरवर चूक आढळली तर प्रवासाआधीच केंद्राला कळवा.

निमंत्रणपत्र, विमा, परतीचं तिकीट आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेला लेकीचा पत्ता-फोन हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मामी ती पिशवी सांगलीपासून थेट नातवाला उचलून घेईपर्यंत खांद्यावरून उतरवायला तयार नव्हत्या.