क्रोशाचा झालरीचा परकर आणि जुळणारे पोलके

गणपतीत घरातल्या चार वर्षांच्या मुलीला नवे परकर-पोलके क्रोशावर विणून द्यायचे असेल, तर आषाढाच्या पावसाने घराबाहेरची कामे थांबली की सुई हाती घ्यावी. रोज तास-दीड तास बसल्यास महिना-सव्वा महिन्यात संच पुरा होतो. रुखवतासाठी तोरण किंवा रुमाल विणलेल्या बाईला यातला एकही टाका नवा नाही. साखळी, मुका खांब (सुईवर वेढा न घेता घातलेला), खांब (एक वेढा घेऊन घातलेला) आणि फेरा जोडण्यासाठी सरकता टाका, एवढेच येथे लागते. खरी काळजी घ्यायची ती झालरीच्या मोजणीची आणि तिच्या वजनाची.

दोरा सुतीच घ्यावा. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत लोकर अंगाला सोसवत नाही, आणि ॲक्रिलिक लवकर वाळत असले तरी घाम टिपत नाही. सुई 3 मिलिमीटरची, ॲल्युमिनियमची असावी. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी सुईवर गंज चढतो आणि पांढऱ्या दोऱ्यावर पडलेला त्याचा डाग निघत नाही. आबोली किंवा आमसुली रंग मनात असेल, तर दोऱ्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या कापडावर दाबून पाहावा आणि रंग सुटत असल्यास तो दोरा या कामाला घेऊ नये.

आधी 20 खांबांच्या 10 ओळींचा नमुना विणावा, तो धुऊन वाळवावा आणि मगच मोजावा, कारण सूत पहिल्या धुण्यात आटते. येथे दिलेली सगळी मापे 10 सेंटिमीटर रुंदीत 20 खांब आणि 10 सेंटिमीटर उंचीत 10 ओळी या हिशेबाने आहेत. खांब जास्त भरले तर सुई जाड घ्यावी, कमी भरले तर बारीक. हाच नमुना दुकानातल्या काट्यावर तोलून पाहावा. त्यात 200 खांब असतात आणि पूर्ण संचाला सुमारे 14,000 लागतात, म्हणून नमुन्याच्या सत्तरपट वजनाचा दोरा, वर थोडा जादा धरून, एकाच लॉटमधला एकदम आणावा. पुढच्या खेपेला तीच छटा मिळेल याची खात्री नसते.

परकर कमरेकडून खाली विणायचा आहे. 120 साखळ्या घालून, त्यांना पीळ पडू न देता, सरकत्या टाक्याने गोल जोडावे. प्रत्येक फेऱ्याच्या सुरुवातीला 3 साखळ्या घ्याव्यात आणि त्या एक खांब म्हणून मोजाव्यात. पहिला फेरा सरळ खांबांचा. दुसऱ्यात एक खांब, एक साखळी, एक टाका सोडणे असे करत गेल्यास नाडीसाठी 60 भोके तयार होतात. तिसऱ्यात पुन्हा 120 खांब भरून घ्यावेत. चौथ्या फेऱ्यात दर चौथ्या टाक्यात दोन खांब घालून संख्या 150 करावी आणि चौदाव्या फेऱ्यापर्यंत सरळ विणत जावे.

पहिली झालर येथे बसते, म्हणून या फेऱ्याकडे नीट लक्ष द्यावे. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर दोन पदर दिसतात, एक आपल्याकडचा आणि एक पलीकडचा. पंधरावा फेरा केवळ पलीकडच्या पदरातून सुई घालून विणावा. आपल्याकडचे 150 पदर एका रांगेत मोकळे राहतात आणि पुढे त्यांतूनच झालर निघते. सोळाव्या फेऱ्यात दर पाचव्या टाक्यात दोन खांब घालून 180 करावेत. पंचविसाव्या फेऱ्याचे पुढचे पदरही तसेच मोकळे सोडावेत आणि छत्तिसाव्या फेऱ्यावर थांबावे. तिसरी झालर त्याच्या काठावरच येईल.

झालर विणताना परकराची कंबर आपल्याकडे आणि घेर पलीकडे धरावा, म्हणजे झालर खालच्या दिशेने पडते. मोकळ्या पदरांपैकी प्रत्येकात दोन खांब घालावेत, म्हणजे 150 चे 300 होतील. काठावरच्या झालरीला पदर सोडलेले नसल्याने तेथे पूर्ण माथ्यातून विणावे. दुसरा फेरा सरळ विणावा. तिसऱ्यात दर दुसऱ्या खांबात दोन घालून 450 करावेत. चौथा फेरा कंगोऱ्यांचा: 3 साखळ्या, एक खांब सोडून पुढच्यात मुका खांब. खालच्या दोन झालरींत हीच संख्या 180, 360, 360 आणि 540 अशी चालते.

यापेक्षा अधिक वाढवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. प्रत्येक फेऱ्यात दुप्पट करत गेल्यास 180 पदरांची एक झालर चार फेऱ्यांत 5,400 खांब खाते, आणि अख्ख्या परकराच्या अंगाला लागतात त्याहून थोडेच अधिक, 5,940. शिवाय अशी झालर खाली पडतच नाही. ती सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यातल्या प्रवाळासारखी गुंडाळी होऊन बसते. डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये नेमका हाच गुण वापरून हायपरबोलिक प्रतल, म्हणजे काठाकडे पसरत जाऊन चुणत राहणारा भूमितीतला पृष्ठभाग, क्रोशावर विणून दाखवले. भूमितीच्या वर्गात ते अमोल आहे, मुलीच्या पायांत मात्र ते अडकते.

मी विणलेल्या पहिल्या परकराला चार घनदाट झालरी होत्या. धुतल्यावर तो मी मागच्या पडवीतल्या वलणीवर टाकला आणि संध्याकाळी उतरवला तेव्हा तो पुरती चार बोटे लांब झाला होता. भिजलेल्या सुताच्या भाराने वरचे सगळे खांब ओढले गेले होते. तेव्हापासून तीन झालरींवर मी थांबते.

पोलके गळ्याकडून खाली, पाठीवर उघडे ठेवून विणावे. 74 साखळ्या घालून चौथ्या साखळीपासून खांब घालत गेल्यास 72 खांब होतात. पहिल्याच ओळीत 11, 14, 22, 14 आणि 11 असे भाग पाडून दोन भागांच्या मध्ये एकेक साखळी घ्यावी; हे भाग अनुक्रमे अर्धी पाठ, बाही, पुढा, बाही आणि उरलेली अर्धी पाठ होत. पुढच्या 14 ओळींत या चारही साखळ्यांच्या जागी एक खांब, एक साखळी, एक खांब असे घालावे, म्हणजे दर ओळीला 8 खांब वाढतात. शेवटी पुढ्याचे 50, प्रत्येक अर्ध्या पाठीचे 25 आणि प्रत्येक बाहीचे 42 खांब भरले पाहिजेत. एखादा भाग कमी भरला तर ओळ उसवून चूक शोधावी. ती पुढे झाकली जात नाही.

आता बाह्या तशाच सोडून, प्रत्येक काखेखाली 10 साखळ्या घेऊन पाठ आणि पुढा जोडावा आणि पाठीची दोन टोके सरकत्या टाक्याने मिळवून काम गोल करावे. येथेही 120 च खांब होतात. असे 13 फेरे विणले की पोलके कमरेपर्यंत पोहोचते. बाहीचे 42 आणि काखेतले 10 मिळून 52 खांबांवर दोन फेरे सरळ विणावेत, तिसऱ्यात प्रत्येक खांबात दोन घालून 104 करावेत, चौथा सरळ विणावा आणि परकराचेच कंगोरे घालावेत. गळ्याला मी झालर लावत नाही. घामेजलेल्या मानेला ती टोचते आणि मूल दिवसभर ओढत राहते. पाठीच्या उघड्या काठांवर मुक्या खांबांची एक ओळ घालून एका बाजूला 5 साखळ्यांचे तीन फासे करावेत आणि दुसऱ्या बाजूला नारळाच्या करवंटीची तीन बटणे लावावीत.

परकराला आतून पातळ मलमलचे अस्तर केवळ कमरेशी शिवावे, खाली मोकळे सोडावे. सूत आणि मलमल सारखे आटत नाहीत. धुतल्यावर पिळू नये. पंच्यात गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि पडवीत चटईवर पसरून, प्रत्येक झालर बोटांनी सारखी करत, वाळू द्यावे. पावसाळ्यात याला दोन दिवसही लागतात, म्हणून चतुर्थीला घालायचे परकर-पोलके हरतालिकेच्या आधीच धुऊन ठेवावे.